बीटा वेगळा, वाऱ्याचा शिअर वेगळा

रॉस्बी वेव्ह, म्हणजे वाऱ्याच्या प्रवाहातल्या हजारो किलोमीटर लांब लाटा, का होतात विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, कोरिऑलिस (पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा वळवणारा परिणाम) अक्षांशाप्रमाणे बदलतो म्हणून. बरोबर आहे, पण अर्धंच. अक्षांशाप्रमाणे वारा पण बदलतोच की (हाच शिअर), आणि या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

बीटा म्हणजे उत्तरेकडे जाताना कोरिऑलिस पॅरामीटर (त्या परिणामाचं माप) किती भराभर वाढतो ते. हा पृथ्वीचा गुण, वारा असो नसो. विषुववृत्तावर सगळ्यात जास्त, ध्रुवावर शून्य, मधे कुठेच निगेटिव्ह नाही. याच्यामुळेच लाट वाऱ्याच्या तुलनेत पश्चिमेकडे सरकते. हवामानशास्त्रज्ञ रॉस्बीने १९३९ साली हे फॉर्म्युल्यात बसवलं, पण त्यात वारा सगळीकडे सारखा धरलेला.

खरा वारा असा कुठे असतो! हवेच्या स्वतःच्या फिरण्याचा, म्हणजे व्हॉर्टिसिटीचा पण उत्तर-दक्षिण उतार असतो आणि लाटेला दोन्हींची बेरीज जाणवते. आता इथे नीट बघा, वारा अक्षांशागणिक नुसता एकसारखा वाढत गेला तर या बेरजेत काहीच पडत नाही, शिअर स्वतः बदलायला हवा, म्हणजे वाऱ्याचा ग्राफ वाकलेला हवा.

आकडे घालून बघू. ४५ अंशावर बीटा १.६ (दहाचा उणे अकरावा घात बाजूला ठेवू, युनिट एसआय). तिथे एक जेट, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्याचा पट्टा, घ्या, मधोमध सेकंदाला ४० मीटर, ग्राफ घंटेसारखा, रुंदीचा स्केल १००० किलोमीटर. मध्यावर नुसत्या वाकाचे ४ येतात, म्हणजे वारा पृथ्वीच्या अडीच पट! बेरीज ५.६. फक्त बीटा धरला तर त्या वाऱ्यात जागच्या जागी थांबणाऱ्या लाटेच्या पृथ्वीभोवती तीनेक घड्या (पूर्ण लाटा) बसतात, वाक धरला की पाचच्या वर. आणि अशा लाटा जास्त घड्या बसतात तिकडे वळतात, म्हणून बाहेर निघालेली लाट परत जेटकडे येते, यालाच वेव्हगाइड म्हणतात.

कडेला मात्र उलटं होतं. मध्यापासून साधारण १७०० किलोमीटरवर वाक बीटामधून १.८ वजा करतो, बेरीज शून्याच्या किंचित खाली. १९४९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ कुओने दाखवलं की बॅरोट्रॉपिक इन्स्टॅबिलिटीसाठी (अशा वाऱ्यात लाट आपोआप वाढत जाण्यासाठी) बेरजेचं चिन्ह कुठेतरी बदलायलाच लागतं (बदललं म्हणजे ती होईलच असं नाही हं). झाली तर लाट जेटचीच एनर्जी खाऊन वाढते. एकटा बीटा हे कधीच करणार नाही, त्याचं चिन्ह बदलतच नाही.

आणि क्रिटिकल लाइन हा या दोन्हींत न बसणारा तिसरा प्रकार, तो पण शिअरच्याच खात्यात टाकला जातो. तिथे वाक नाही, वाऱ्याचा वेगच बघायचा, तो लाटेच्या वेगाइतका झाला की लाट अडली. थांबलेल्या लाटेसाठी ही रेषा वारा शून्य होतो तिथे येते, म्हणून मध्य अक्षांशांतून विषुववृत्ताकडे निघालेल्या अशा लाटा पूर्वेच्या वाऱ्यांच्या पट्ट्यात शिरू शकत नाहीत, बीटा तिथे कितीही मोठा असला तरी.