शेळ्यांचा वाळला चारा व चाराबदल (विदर्भ)

शेळ्यांना कुटार (मळणीनंतर उरलेला पाला-काड्यांचा भुसा), कडबा, वाळले गवत खाऊ घालणे आणि हंगामाप्रमाणे त्यांना एका चाऱ्यावरून दुसऱ्या चाऱ्यावर आणणे, ही दोन्ही कामे विदर्भात एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. चारा कमी पडला तर बकरी हळूहळू खंगते. तो एकाएकी बदलला तर धडधाकट बकरीही एक-दोन दिवसांत दगावू शकते. गावात चर्चा मात्र बहुतेक टंचाईचीच होते.

शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यातूनच तिला बहुतेक ऊर्जा मिळते. काडीकचरा पचवणारे जीव वेगळे, दाण्यातले पिष्ट पचवणारे वेगळे. चारा बदलला की या वस्तीचे प्रमाणही बदलावे लागते, आणि त्याला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून नवा चारा पहिले तीन-चार दिवस पाव हिस्सा, मग निम्मा, मग पाऊण असा वाढवत न्यावा. दाणा असेल तर याहूनही सावकाश.

वाळल्या चाऱ्यात बकऱ्यांची पहिली पसंती तुरीच्या कुटाराला. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघाली की ते घरी येते. गव्हाणीत टाकल्यावर बकरी नाकाने ते उलथते, पाला आणि शेंगांची टरफले वेचून खाते आणि काड्या तशाच ठेवते. त्या चुलीत जातात. हरभऱ्याचे कुटारही चालते. सोयाबीनचे कुटार भरपूर मिळते, पण ते टोचरे असते. शेळ्या ते नाइलाजाने खातात. पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, धानाचे तणस मुबलक. त्यात सिलिका जास्त आणि प्रथिने फार कमी, तेव्हा नुसत्या तणसावर शेळी जगवण्याचा आग्रह धरू नये. ते गाई-बैलांचे खाद्य. ज्वारीचा कडबा कुट्टी करून, म्हणजे बारीक तुकडे करून, दिला तर वाया कमी जातो. ज्वारीचे कोवळे फुटवे, विशेषतः पावसाचा खंड पडल्यावर, विषारी ठरतात. नीट वाळलेल्या कडब्यात ते विष बरेच कमी झालेले असते.

पडीक आणि धुऱ्यावरचे गवत फुलोऱ्यात असताना कापून वाळवले तर त्यात जीव राहतो. उशीर झाला की कुसळी गवताची कुसळे तोंडात आणि कातडीत रुततात. गंजी रचताना गवत ओलसर राहिले तर बुरशी येते, आणि बुरशीचा चारा गाभण शेळीपुढे तर मुळीच टाकू नये. मुळात शेळी वर मान करून पाला ओरबाडणारी; जमिनीवर पडलेला, लेंड्या-मुताने भिजलेला चारा ती हुंगून सोडते. पेंडी टांगून किंवा उंच गव्हाणीत दिलेली बरी. तीस किलोच्या शेळीला दिवसाकाठी सुमारे एक किलो शुष्क चारा लागतो. शक्य असेल तिथे बोर, बाभूळ, सुबाभूळ यांचा पाला जोडीला द्यावा. मात्र सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असल्याने एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

वर्षातला सर्वांत नाजूक काळ मृगानंतरचा. मे महिनाभर कुटारावर काढलेल्या बकऱ्या पहिल्या पावसानंतर कोवळ्या, पाणीदार गवतावर तुटून पडतात. मग हगवण लागते. आंत्रविषाराचाही (आतड्यातल्या जंतूंच्या विषामुळे होणारा रोग) धोका याच दिवसांत वाढतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घेतात. सुरुवातीचे आठ-दहा दिवस सकाळी थोडे कुटार खाऊ घालूनच कळप सोडावा आणि रानातला वेळ हळूहळू वाढवावा. उपाशी बकरी हिरव्यावर सोडणे ही गावातली नेहमीची घाई आहे.

दुसरा धोका सुगीचा. खळ्यावर ज्वारी किंवा गव्हाच्या राशीत बकरी शिरली तर पोटात आम्ल झपाट्याने वाढते. ती खाणे-रवंथ सोडते, दात खाते, सुस्तावते. अशा वेळी दाणा तोडून फक्त वाळला चारा ठेवावा आणि डॉक्टरला लगेच बोलवावे. डाव्या कुशीत ढोलासारखा फुगवटा आला असेल तर खाद्यतेल पाजण्याचा घरगुती उपाय चालतो, पण शेळीचे डोके फार वर धरू नये. तेल फुप्फुसात जाते. कापूस वेचून झालेल्या वावरात पऱ्हाटीवर (कपाशीच्या उभ्या झाडांवर) कळप सोडण्यापूर्वी शेवटची फवारणी कधी झाली ते मालकाला विचारून घ्यावे.

करडांना दोन-तीन आठवड्यांपासून कोवळे वाळले गवत पुढे ठेवावे. पहिल्यांदा ती नुसते चघळतात, पण त्यानेच पोटाचा कप्पा वाढीला लागतो. दूध तोडायचे ते करडू वाळला चारा नीट खाऊ लागल्यावर. कोणी महिने मोजून तोडतात, ते जोखमीचे.

बाजारातून आणलेल्या शेळीचा चाराबदल तर एका दिवसात झालेला असतो. प्रवासाचा ताण त्यात भर घालतो. विकणाऱ्याकडे ती काय खात होती हे विचारावे, जमल्यास त्याच्याकडचेच थोडे कुटार पोत्यात बांधून आणावे, आणि पहिल्याच दिवशी कौतुकाने सरकीची ढेप पुढे ठेवू नये.