गावच्या किल्ल्याला राज्य संरक्षित दर्जा हवाय? आधी सातबारा गोळा करा

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, ११ आपले आणि तामिळनाडूतला जिंजी, तेव्हापासून गावागावात चर्चा सुरू आहे की आपल्याही गडाचं काहीतरी झालं पाहिजे. झालंच पाहिजे. पण प्रस्ताव परत येतायत, आणि अडतं ते इतिहासावर नाही, जमिनीच्या कागदावर.

आधी बघा गड आहे कुणाकडे. रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्याच्या. तुमचा गड दोन्हीकडे नसेल तर तो असंरक्षित, आणि १९६० च्या राज्य कायद्याखाली त्याच्यासाठी प्रस्ताव देता येतो. अर्ज पुरातत्त्वच्या विभागीय कार्यालयात सहायक संचालकांच्या नावे, सोबत ग्रामसभेचा ठराव, फोटो, थोडक्यात इतिहास. इथवर सगळे व्यवस्थित पोचतात.

मग येतो सातबारा. लोक बारा पानं इतिहास लिहितात आणि गट नंबरच्या रकान्यात नुसतं 'किल्ला' लिहून मोकळे होतात! अहो गड दोन-तीन गावांच्या शिवेवर पसरलेला असतो. मी पाहिलेल्या एका फाइलीत बालेकिल्ला वन खात्याचा, माची महाराष्ट्र शासनाची, आणि खालच्या दरवाज्याची जागा एका घराच्या नावावर, सहा वारस, त्यातले दोघं मुंबईला, आणि त्यांना कुणी साधा फोनही केला नव्हता. म्हणून सगळ्या गटांचे उतारे तलाठ्याकडून, गाव नकाशा भूमी अभिलेखमधून, वनजमीन असेल तर वन विभागाचं पत्र, खाजगी असेल तर प्रत्येक वारसाची लेखी संमती, हे अर्जाच्या आधी जमवा. हे सगळं कार्यालयांनी आपसात मागवून घ्यायला काय हरकत आहे, मला अजून कळलेलं नाही, पण सध्या हेलपाटे तुम्हालाच मारायचेत.

पाहणी लिहिताना 'तटाची पडझड झाली आहे' असं मोघम नको. 'दरवाज्याच्या डाव्या बुरुजाचा वरचा चार फूट भाग ढासळलाय, सांध्यातून उंबर आलाय' असं लिहा, बाजूला पट्टी धरून फोटो काढा. टाकी, जोती, चोरवाट, सगळ्याची नोंद. आणि तो उंबर हौसेनं उपटू नका, मुळांबरोबर दगड येतात. सिमेंट तर अजिबात नको, जुनं काम चुन्याचं आहे. खणकामही नको. गाळात तोफगोळा, नाणी मिळाली तर जागेवरच थांबून तहसील कार्यालयाला लेखी कळवा.

मुदतीचा घोळ वेगळाच. प्राथमिक अधिसूचना, म्हणजे गड संरक्षित करायचा इरादा शासन जाहीर करतं तो कागद, निघाली की हरकतींना दोन महिने, आणि ते अधिसूचना निघाल्यापासून मोजायचे. कागद गावात चिकटवलेला दिसला त्या दिवसापासून मोजत बसलेली माणसं मी पाहिलीयत, कार्यालयात गेली तर मुदत संपलेली.

पायथ्याला राहणाऱ्यांची भीती खरी असते, घर वाढवता येईल का, भाकरी-पिठल्याची शेड राहील का. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरात नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते, ते ऐकून लोक घाबरतात. आपल्या गडाला नेमकं काय लागू होईल ते विभागीय कार्यालयाकडून ठरावाच्या आधी लेखी मागा, ते पत्र ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, आणि ज्यांची घरं तटाला लागून आहेत त्यांना पुढं बसवा.