स्टायव्हेसंट हायस्कूल: एका परीक्षेवर उभी असलेली शाळा आणि तिच्यावरून चाललेली भांडणं

न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंट हायस्कूलबद्दल आधी पालकांना विचारावं आणि मग त्यांच्याच घरातल्या मुलाला. दोन वेगळ्या शाळांची वर्णनं ऐकतोय असं वाटतं. पालक म्हणतात, फी नाही, देणगी नाही, वशिला नाही; पोरानं परीक्षा दिली, नंबर लागला. मूल म्हणतं, झोप पुरत नाही, वर्गात सगळेच हुशार, चांगले मार्क पडले तरी मागे राहिल्यासारखं वाटतं. ज्यांच्या मुलांचा नंबर लागला नाही, किंवा ज्यांच्या वस्तीतून वर्षानुवर्षं कुणाचाच लागत नाही, त्यांचं म्हणणं आणखी तिसरंच असतं. शहराची सरकारी शाळा, साधारण ३,३०० मुलं, आणि तिच्याबद्दल इतकी टोकाची मतं कशी, हे समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं.

शाळा १९०४ साली सुरू झाली ती कारागिरी शिकवणारी मुलांची शाळा म्हणून. अभ्यासाच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम, यंत्रावरचं काम. १९०७ मध्ये ती मॅनहॅटनच्या पूर्व पंधराव्या रस्त्यावरच्या इमारतीत गेली आणि पुढची ऐंशीहून अधिक वर्षं तिथंच राहिली. तेव्हा त्या भागात पूर्व युरोपातून आलेले ज्यू, इटालियन, आयरिश अशी स्थलांतरितांची दाटी होती. बाप कपड्यांच्या कारखान्यात राबणारा, घरात इंग्रजी न बोलणारा, आणि पोरगा गणितात तल्लख, अशी घरं पुष्कळ. शाळेचं नाव झालं आणि जागा पुरेनाशी झाली. पहिल्या महायुद्धानंतर दोन पाळ्यांत वर्ग भरवावे लागले, १९१९ च्या सुमाराला प्रवेशाला मार्कांची अट आली आणि १९३० च्या दशकात प्रवेशपरीक्षा. आज या परीक्षेवर गुणवत्तेचे मोठमोठे सिद्धांत मांडले जातात, पण ती आली बाकांच्या टंचाईमुळे.

त्याच काळात, त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठ उलट्या दिशेनं चाललं होतं. नुसत्या मार्कांवर प्रवेश दिले तर ज्यू मुलांची संख्या फार वाढते, हे लक्षात आल्यावर तिथं अर्जात घराण्याची चौकशी, मुलाखत, ‘व्यक्तिमत्त्व’ असे प्रकार सुरू झाले. हार्वर्ड आणि येलही पुढं त्याच वाटेनं गेली. स्टायव्हेसंटच्या परीक्षेत ज्यू पोराला कुणी आडनाव विचारून मागं सारू शकत नव्हतं. जुने माजी विद्यार्थी या परीक्षेला इतके का चिकटून असतात, याचं अर्धं उत्तर इथं आहे. ‘सर्वांगीण मूल्यमापन’ म्हटलं की त्यांना त्या मुलाखती आठवतात. पुढं चार माजी विद्यार्थ्यांना नोबेल मिळालं: जोशुआ लेडरबर्ग, रोआल्ड हॉफमन, रॉबर्ट फोगेल आणि रिचर्ड ॲक्सेल. हॉफमन तर पोलंडमधल्या नाझी छळातून वाचून, निर्वासित म्हणून अमेरिकेत पोचलेला मुलगा.

वशिला नसलेल्या या शाळेत निम्म्या जगाला मात्र प्रवेशच नव्हता. मुलींना परीक्षेलाही बसू देत नसत. १९६९ च्या सुरुवातीला ब्रुकलिनमधल्या नववीच्या ॲलिस दे रिवेरा या मुलीनं त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. गणितात ती अव्वल होती, पण तिच्या शाळेत विज्ञानाच्या सोयी बेताच्याच होत्या. एलिनॉर जॅक्सन पील या वकील बाईंनी तिचा खटला घेतला. निकाल लागायची वेळच आली नाही. शिक्षण मंडळानंच माघार घेऊन दार उघडलं. त्या सप्टेंबरमध्ये पहिल्या डझनभर मुली आल्या. ॲलिस स्वतः मात्र त्यांच्यात नव्हती, कारण तिचं कुटुंब शहर सोडून गेलं होतं. शाळेनं तिला मानाची पदविका दिली ती २०१३ साली. आज शाळेत चाळीस टक्क्यांहून जास्त मुली आहेत. शाळेचा कारभार एका विद्यार्थिनीच्या तक्रारीनं बदलला, आणि तेही वर्षभराच्या आत, हे इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो. नंतर असं काही घडलेलं नाही.

कारण दोनच वर्षांनी परीक्षेला कायद्याचं कुंपण पडलं. मॅनहॅटनमधल्या एका स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यानं ब्राँक्स सायन्स या दुसऱ्या नामांकित शाळेच्या परीक्षेवर आक्षेप घेतला: ती कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांना बाहेर ठेवते. शहराचं शिक्षण खातं परीक्षेचा फेरविचार करायला निघालं, तसे पालक आणि माजी विद्यार्थी खवळले. ब्राँक्समधले दोन लोकप्रतिनिधी, बर्टन हेक्ट आणि जॉन कॅलान्ड्रा, यांनी राज्याच्या विधिमंडळात विधेयक आणलं आणि १९७१ मध्ये ते मंजूर झालं. ब्राँक्स सायन्स, स्टायव्हेसंट आणि ब्रुकलिन टेक या तीन शाळांत प्रवेश फक्त स्पर्धापरीक्षेनं होईल, असं कायद्यानंच ठरलं. जोडीला एक चोरवाट ठेवली: गरीब घरातल्या, थोडक्यात संधी हुकलेल्या मुलांना उन्हाळी वर्ग करून घेता येईल. तिचं नाव डिस्कव्हरी. पुढं स्टायव्हेसंटमध्ये ती वाट कित्येक वर्षं बंदच होती.

थोडक्यात, शाळेची किल्ली न्यूयॉर्क शहरातून उचलून सव्वादोनशे किलोमीटरवर, राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला नेऊन ठेवली. मुख्याध्यापकांना, शहराच्या शिक्षणप्रमुखाला, अगदी महापौरालाही प्रवेशाच्या पद्धतीला हात लावता येत नाही. या शाळेबद्दलच्या मतांना इतकी धार येते त्याचं मला तरी हेच कारण दिसतं. बदल हातात असता तर लोकांनी तडजोडी केल्या असत्या. तो हातात नाही, म्हणून भूमिका गोठून गेल्या आहेत.

परीक्षा कशी, तर आठवीतल्या मुलांची, तीन तासांची, इंग्रजी आणि गणित, मिळून ११४ प्रश्न. शाळेतले मार्क, शिक्षकांचं मत, निबंध, खेळ, काहीही धरत नाहीत. मुलं आवडीच्या क्रमानं शाळा लिहून देतात आणि गुणांनुसार वरून खाली जागा भरत जातात. अशा परीक्षेवर चालणाऱ्या शाळा आता आठ आहेत. दरवर्षी पंचवीस हजारांहून जास्त मुलं बसतात, जागा चार हजारांच्या आसपास, आणि सगळ्यात वरची कटऑफ बहुतेक दरवेळी स्टायव्हेसंटची.

आपल्याकडे पाचवी-आठवीच्या स्कॉलरशिप परीक्षेची किंवा नवोदयची तयारी ज्यांच्या घरात झाली आहे, त्यांना यापुढचं वेगळं सांगायला नको. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत आशियातून स्थलांतर वाढलं आणि चीन, कोरिया, भारत, बांगलादेश इथून आलेल्या आईवडिलांना ही परीक्षा पाहताक्षणी ओळखीची वाटली. फ्लशिंग, सनसेट पार्क, जॅक्सन हाइट्स अशा शहरातल्या त्यांच्या वस्त्यांत क्लास निघाले. सहावी-सातवीपासून शनिवार-रविवार, उन्हाळ्याची सुट्टी, सराव पेपरांची चळत. आज शाळेत सत्तर टक्क्यांच्या आसपास मुलं आशियाई वंशाची आहेत. बाहेर त्यांना सरसकट ‘उच्चभ्रू’ म्हणण्याची पद्धत आहे, पण शाळेतली चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं गरिबीच्या निकषावर मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र ठरत आली आहेत. हॉटेलात भांडी घासणारा, टॅक्सी चालवणारा बाप घरखर्चातून क्लासची फी काढतो. त्याच्यासमोर कुणी ही परीक्षा अन्यायाची आहे म्हटलं, की त्याला तो आपल्या कष्टांचा अपमान वाटतो. ते मला पटतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी शाळेत कृष्णवर्णीय मुलं बारा टक्क्यांच्या आसपास होती. अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय ॲटर्नी जनरल एरिक होल्डर इथलेच, १९६९ च्या तुकडीचे. २०१९ मध्ये शाळेनं ८९५ जागा देऊ केल्या, त्यातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला आल्या सात. त्यानंतरही हा आकडा दहाच्या आगेमागेच घुटमळतो आहे, आणि शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं मिळून जवळजवळ दोन तृतीयांश आहेत. असं का झालं यावर माजी विद्यार्थ्यांतही एकमत नाही. कुणी म्हणतं, त्या वस्त्यांतल्या माध्यमिक शाळांमधले हुशार मुलांसाठीचे खास वर्ग बंद पडले, तिथंच गळती लागली. कुणी क्लासच्या धंद्याकडे बोट दाखवतं. चांगली कृष्णवर्णीय मुलं आता खासगी शाळाच शिष्यवृत्ती देऊन उचलतात, असंही म्हणतात. एवढं दिसतं, की परीक्षा तीच राहिली आणि तिच्याभोवतीचं शहर बदललं.

आता मुलांकडे येऊ. १९९२ मध्ये शाळा मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळ, हडसन नदीच्या काठी नव्या इमारतीत आली. दहा मजले, मजल्यांमधून सरकते जिने, जलतरण तलाव, आणि महामार्गावरून थेट शाळेत उतरणारा पादचारी पूल. जिने बंद पडणं हा तेव्हापासून विद्यार्थ्यांचा कायमचा तक्रारीचा विषय. नव्या मुलांना वरच्या वर्गातली मुलं अकराव्या मजल्यावरच्या तलावाचे पास विकू पाहतात, हा तिथला जुना विनोद. इमारतीला अकरावा मजला नाहीच. तलाव तळाशी आहे. अनेक मुलं क्वीन्स, ब्रुकलिनच्या टोकाहून तास-दीड तास सबवेत बसून येतात आणि गृहपाठ तिथंच, मांडीवर वही ठेवून उरकतात. ‘मार्क, मित्र, झोप, यातल्या कुठल्याही दोन निवडा’ हे वाक्य तिथं पहिल्याच वर्षी कानावर पडतं.

इमारत वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही चौक अंतरावर. ११ सप्टेंबर २००१ ला मुलांना नदीकाठानं उत्तरेकडे चालत बाहेर काढलं. मग काही आठवडे त्यांचे वर्ग ब्रुकलिन टेकमध्ये, तिथल्या मुलांची शाळा सुटल्यावर, दुपारच्या पाळीत भरले. ९ ऑक्टोबरला शाळा परत सुरू झाली खरी, पण मनोऱ्यांचा ढिगारा तिच्या शेजारच्याच धक्क्यावरून बार्जमध्ये भरला जात होता. अधिकारी हवा सुरक्षित आहे म्हणत होते. पालक संघटनेनं त्यांच्या शब्दावर न विसंबता स्वतःचे तज्ज्ञ नेमले, मोजमापं करून घेतली आणि हवा खेळवणारी नळकांडी साफ करण्याचा आग्रह लावून धरला. पालकांचा शाळेवर विश्वास आणि शिक्षण खात्यावर अविश्वास, हे समीकरण तेव्हा पक्कं झालं.

मुलांच्या तक्रारी मात्र २०१२ पर्यंत कुणी फारशा मनावर घेतल्या नव्हत्या. त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या ‘स्पेक्टेटर’ या वर्तमानपत्रानं पाहणी केली, तेव्हा दोन हजारांवर मुलांतल्या ऐंशी टक्क्यांनी कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या प्रकारे कॉपी केल्याचं कबूल केलं. तीन महिन्यांत त्याचा पुरावाच मिळाला. राज्याच्या रीजंट्स परीक्षेत एका मुलानं फोननं पेपरचे फोटो काढून मित्रांना पाठवले. साठहून अधिक मुलं त्यात अडकली आणि मुख्याध्यापकांनी पद सोडलं. मला यात सगळ्यात बोलकी गोष्ट ही वाटते, की पाहणी आधी आली होती. मुलांनी स्वतःच्याच पेपरात छापून सांगितलं होतं, मोठ्यांनी ते वाचलं ते प्रकरण बाहेर फुटल्यावर. एका दिवसाच्या गुणांवर आत आलेल्या मुलांना गुणांपलीकडे काही दिसेना, यात नवल वाटण्यासारखं काय होतं?

२०१८ मध्ये महापौर बिल द ब्लासिओ यांनी परीक्षा काढून प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या वरच्या सात टक्के मुलांना या आठ शाळांत जागा द्याव्यात, असा प्रस्ताव मांडला. त्यांचा स्वतःचा मुलगा ब्रुकलिन टेकमध्ये शिकलेला. सिटी हॉलसमोर चिनी वंशाचे पालक फलक घेऊन उभे राहिले. या शाळा कुणा एका समाजाच्या मालकीच्या नाहीत, अशा अर्थाचं शिक्षणप्रमुखांचं वाक्य त्यांना जिव्हारी लागलं. सौंदर्यप्रसाधनांच्या घराण्यातले अब्जाधीश रोनाल्ड लॉडर, जे ब्राँक्स सायन्सचे माजी विद्यार्थी, परीक्षा वाचवण्याच्या मोहिमेत पैसे घेऊन उतरले. मोफत क्लास काढा, अशा आणखी शाळा काढा, पण परीक्षेला हात लावू नका, ही त्यांची मागणी. २०१९ मध्ये विधेयक ऑल्बनीत विरून गेलं. डिस्कव्हरीच्या जागा वाढवायला कायदा आड येत नव्हता म्हणून शहरानं त्या वाढवल्या, तर त्यावरही आशियाई पालकांच्या संघटना कोर्टात गेल्या.

२०२५ पासून परीक्षा कागदावरून संगणकावर आली, आणि त्याच नोव्हेंबरात ही परीक्षा देऊन ब्राँक्स सायन्समध्ये शिकलेला झोहरान ममदानी शहराचा महापौर म्हणून निवडून आला. १९७१ चा कायदा अजून जागेवर आहे.