फुप्फुसाचा बुरशीसंसर्ग (श्वसनरुग्णांतील)

हवेतील बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत जाऊन, आधीच इजा झालेल्या फुप्फुसात रुजल्याने होणारे आजार. जुना क्षय, दमा, बिडीने किंवा चुलीच्या धुराने जडलेला सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे आखडण्याचा आजार), श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा विकार, खाणीतल्या धुळीने निबर झालेले फुप्फुस ही या बुरशीची ठरलेली ठिकाणे. निरोगी माणूसही रोज शेकडो बीजाणू ओढतो, पण फुप्फुसातल्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. जिथे क्षयाने पोखरलेला खड्डा आहे, साचलेला चिकट बेडका आहे किंवा स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती मंदावली आहे, तिथे हा बंदोबस्त तुटतो.

यांतली मुख्य बुरशी ॲस्परजिलस फ्युमिगेटस. ॲस्परजिलस हे नाव इटलीतील धर्मगुरू व वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी १७२९ मध्ये दिले. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा तुरा त्यांना चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या कुंचल्यासारखा दिसला होता. माणसाच्या फुप्फुसातील या आजाराचे वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खो यांनी १८५६ मध्ये केले. हिचा बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचा, म्हणजे नाकातल्या केसांना आणि श्वासनलिकेच्या चाळणीला चुकवून थेट वायुकोशापर्यंत पोचणारा. ती शरीराच्या तापमानाला जोमाने वाढते आणि ५० अंशांवरही तग धरते. त्यामुळे तापलेल्या शेणखताच्या ढिगात इतर बुरशी मरतात तिथे हिचे फावते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तेव्हा हिला सर्वांत गंभीर गटात ठेवले.

बीजाणूंचा हंगाम

विदर्भात हा हंगाम सोयाबीनच्या सोंगणीपासून लागतो. माल कापून पडतो आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. भिजलेली गंजी ताडपत्रीखाली आठ-दहा दिवस दबून राहिली की आत वाफ धरते. हात खुपसला तर ऊब लागते, कुबट वास येतो आणि शेंगांवर करडी-हिरवी पूड दिसते. ती पूड म्हणजेच बीजाणू. थ्रेशर सुरू झाला की ही पूड धुरळ्यात मिसळून उडते आणि सर्वांत दाट बसते ती कुटार (मळणीनंतरचा भुसा) ओढणाऱ्याच्या तोंडावर. हे काम बहुधा घरच्या म्हाताऱ्या माणसाकडे किंवा बायांकडे असते, कारण ते ‘हलके’ समजले जाते. श्वसनरुग्णासाठी शेतातले सर्वांत जड काम हेच आहे.

पुढे कापूस. भाव चढेल या आशेने तो घरातच, कित्येकदा झोपायच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला असतो. दवात वेचलेला ओलसर कापूस तसाच दाबला तर सरकीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही त्याच कुळातली बुरशी धरते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची मळणी आणि तणसाचे (धानाच्या वाळक्या काड्यांचे) ढीग, तर वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळशाच्या धुळीने आधीच खराब झालेली फुप्फुसे. उन्हाळ्यात भर पडते कूलरची. गेल्या वर्षी ओला असतानाच बंद करून ठेवलेला कूलर गवताची जाळी न बदलता मार्चमध्ये सुरू केला, तर पहिल्या झोतातच वर्षभराची बुरशी खोलीत येते.

कुटाराच्या कामानंतर चार ते आठ तासांनी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि दम लागून दोन-तीन दिवसांत उतरत असेल, तर तो संसर्ग नसून ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ हा ॲलर्जीचा वेगळा आजार असू शकतो. त्यावर बुरशीची औषधे चालत नाहीत.

जुन्या क्षयाच्या खड्ड्यातील बुरशी

ग्रामीण विदर्भात सर्वांत जास्त चुकणारे निदान हे. क्षय बरा होतो, जंतू मरतात, पण फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी उरते. तिला रक्तपुरवठा कमी, हवा भरपूर. बीजाणू तिच्या भिंतीवर रुजतात, तंतू वाढतात, आणि तंतू, बेडका व मृत पेशी यांचा मातकट, ठिसूळ गोळा पोकळीत सुटा पडून राहतो. यालाच ॲस्परजिलोमा म्हणतात. गोळा बनो वा न बनो, भिंतीभोवतीचा दाह वर्षानुवर्षे चालू राहतो आणि शेजारचे निरोगी फुप्फुस खात जातो. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाअखेरीस क्षयानंतर २.५ सेंटिमीटर किंवा मोठी पोकळी उरलेल्या ५४४ जणांची पाहणी झाली. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये निघाली. क्षयोत्तर दीर्घकालीन ॲस्परजिलोसिसचे, म्हणजे या बुरशीच्या रेंगाळणाऱ्या आजाराचे, जगात सुमारे १२ लाख रुग्ण असावेत, असा अंदाज २०११ मध्ये मांडला गेला.

लक्षणे क्षयाचीच वाटतात: तीन महिन्यांहून जास्त खोकला, वजन उतरणे, थकवा, दम, थुंकीत रक्ताची रेघ. ताप मात्र बहुधा नसतो किंवा बारीक असतो. म्हणून ‘क्षय उलटला’ असे समजून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. क्षयाचा कोर्स पुन्हा सुरू करण्याआधी थुंकीत जिवंत क्षयजंतू आहेत याचा पुरावा मागितलाच पाहिजे. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही थुंकीची तपासणी जंतूंचा डीएनए पकडते, आणि आधी उपचार झालेल्यांत मेलेल्या जंतूंचा डीएनएही पुष्कळ काळ सापडू शकतो. अशा वेळी निर्णय कल्चरवर, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीवर ठेवावा. उलट बाजूही खरी आहे: क्षय आणि बुरशी एकाच फुप्फुसात असू शकतात, म्हणून एक सापडले की दुसऱ्याचा शोध थांबवायचा नाही. बिडी ओढणाऱ्यात कर्करोगही डोक्यात ठेवावा.

रक्त येते ते पोकळीच्या भिंतीतल्या फुगलेल्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटून. महिनोन्महिने रेघ येत राहते आणि एके दिवशी पेलाभर येते. अशा वेळी रुग्णाला उताणे झोपवू नये. ज्या बाजूचे फुप्फुस आजारी आहे त्या कुशीवर वळवावे, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरत नाही. आणि १०८ ची गाडी बोलवावी. कोणती बाजू आजारी हे ऐनवेळी आठवत नाही, म्हणून छातीच्या जुन्या एक्स-रे फोटोवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. रुग्णालयात रक्त थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात. रक्त थांबलेच नाही तर मांडीच्या किंवा हाताच्या धमनीतून नळी घालून फुटलेली वाहिनी बुजवतात. एकच गोळा आणि बाकी फुप्फुस चांगले असेल तर शस्त्रक्रियेने तो भाग काढणे हा सर्वांत पक्का उपाय.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करण्याचे, नातवंडाला दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही. क्षयाच्या काळात एकदा वाळीत पडल्यासारखे जगलेल्या माणसाला हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

तपासणी

छातीचा फोटो ग्रामीण रुग्णालयातही निघतो. पोकळीत गोळा आणि त्यावर चंद्रकोरीसारखी हवा दिसली तर संशय बळावतो. कूस बदलून काढलेल्या फोटोत गोळा सरकलेला दिसला तर आणखी. जुना फोटो सोबत हवाच, कारण पोकळीची भिंत जाड होत चालली आहे किंवा नवी पोकळी पडली आहे हे तुलनेशिवाय कळत नाही. त्यानंतर सीटी स्कॅन आणि रक्तातील ॲस्परजिलस आयजीजी, म्हणजे या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये. ही रक्ततपासणी निदानाचा कणा आहे, पण तालुक्याला होत नाही. नमुना नागपूर किंवा त्याहून मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो.

थुंकीचा नमुना हलगर्जीपणे घेतला की सगळे वाया जाते. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरून खोल खोकून काढलेला बेडका द्यावा, लाळ नव्हे. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. तासन्तास उन्हात ठेवलेल्या डबीत जिवाणू माजतात आणि बुरशी झाकली जाते. १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात बेडका विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: बारीक, पडदे असलेले, सुमारे ४५ अंशांत फाटे फुटलेले तंतू म्हणजे ॲस्परजिलस, रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटलेले म्हणजे म्यूकर ही वेगळी बुरशी. कल्चर निगेटिव्ह आले म्हणून आजार नाही असे होत नाही. आणि कल्चरमध्ये ‘कॅन्डिडा’ नावाची बुरशी आली म्हणून फुप्फुसाला बुरशी लागली असेही नाही. ती जवळजवळ नेहमी तोंडातली असते. या एका शब्दावरून महागडी औषधे लिहिली जातात, ते चूक आहे.

औषधे आणि त्यांचे बिनसणे

दीर्घकालीन आजारात इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. पूर्वी सहा महिने पुरेसे मानत. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के, तर बारा महिने घेणाऱ्यांपैकी १० टक्के रुग्णांत आजार उलटला. वर्षभर औषध घेण्याची मनाची व पैशाची तयारी आधीच करून घ्यावी.

हे औषध बिनसते ते पुढीलप्रमाणे. कॅप्सूल शोषली जायला पोटात अन्न आणि आम्ल लागते. ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यावी. ‘गॅस होतो’ म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध दिले की औषध पोटातच वाया जाते. दुसरा घात रिफॅम्पिसिनचा. क्षयाच्या या गोळीने यकृत इट्राकोनॅझोल इतके वेगाने मोडते की रक्तात ते जवळजवळ उरतच नाही, आणि रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे राहतो. दोन्ही एकदम लिहिलेली चिठ्ठी म्हणजे बुरशीवर उपचार न करणेच. फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्याही हेच करतात. तिसरी गोष्ट दम्याच्या पंपाची: त्यातले बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड इट्राकोनॅझोलसोबत शरीरात साचते, चेहरा सुजतो, साखर वाढते, आणि पंप अचानक सोडला तर माणूस कोसळू शकतो. अशा रुग्णाला बेक्लोमेथासोनचा पंप जास्त सुरक्षित.

हृदय कमजोर असलेल्यास इट्राकोनॅझोल टाळतात. पायाला सूज आली, आडवे झाल्यावर दम वाढला तर लगेच दाखवावे. यकृताची तपासणी सुरू करताना, महिन्याने आणि पुढे दर तीन महिन्यांनी. पर्याय व्होरिकोनॅझोल, पण ते उपाशीपोटी घ्यायचे, आणि त्याने उन्हात कातडी भाजल्यासारखी होते. विदर्भातल्या उन्हात निंदण-वेचणी करणाऱ्या बाईला हे औषध देताना पूर्ण बाह्यांचा सदरा, दुपट्टा आणि सावलीतले काम हे चिठ्ठीचाच भाग समजावे.

दमेकऱ्यांतील ॲलर्जिक प्रकार

इथे बुरशी फुप्फुस खात नाही; शरीर तिच्यावर चवताळते. दमा नियंत्रणात येत नाही, आणि खोकल्यातून तपकिरी, रबरासारखे चिवट, श्वासनलिकेचा साचा घेतलेले तुकडे पडतात. असा तुकडा फेकू नये, डबीत घालून डॉक्टरांना दाखवावा. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम वर्णिलेला हा आजार फोटोत फिरते डाग दाखवतो आणि म्हणून आपल्याकडे त्यावरही क्षयाच्या गोळ्या दिल्या जातात. रक्तातील एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारे प्रतिद्रव्य) ५०० युनिटच्या वर आणि ॲस्परजिलसविरुद्धचे आयजीई पॉझिटिव्ह हा निदानाचा पाया. उपचार चार महिन्यांचा: उतरत्या मात्रेत प्रेडनिसोलोन किंवा इट्राकोनॅझोल. आयजीई साधारण पातळीला येण्याची वाट पाहायची नसते. प्रत्येक रुग्णाची स्वतःची खालची पातळी ठरते आणि तिच्यापासून ५० टक्के वाढ, सोबत त्रासही वाढलेला, म्हणजे आजार उचल खातो आहे. प्रत्येक दमेकऱ्याचे ॲस्परजिलस आयजीई एकदा तरी तपासावे.

सीओपीडी, मधुमेह आणि स्टेरॉइड

‘दम मोडायची गोळी’ म्हणून गावात मिळणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. सीओपीडीच्या रुग्णाने ती महिनोन्महिने घेतली की बुरशी पोकळीत न थांबता थेट ऊतीत आणि रक्तवाहिन्यांत घुसते. प्रतिजैविकांना दाद न देणारा न्यूमोनिया, छातीत टोचणे, रक्त पडणे अशी सुरुवात असते, आणि चाल आठवड्यांची असते, महिन्यांची नव्हे. उपचार रुग्णालयातच, शिरेतून व्होरिकोनॅझोलने. साखर बेफाम असलेल्यांत म्यूकर होतो. २०२१ च्या कोरोना लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून विदर्भाने तो नाक-डोळ्यांत पाहिला, तसाच तो फुप्फुसातही होतो. म्यूकरवर व्होरिकोनॅझोल चालत नाही. ॲम्फोटेरिसिन बी आणि शस्त्रक्रिया लागते. म्हणून तंतू कोणते हे पाहणे शोभेचे नसते.

शेतात आणि घरात

तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, ३ मायक्रॉनचा बीजाणू नव्हे. एन-९५ मास्क लागतो, आणि तो नाकावर घट्ट बसला तरच. दाढीतून हवा शिरते. धोका असलेल्या माणसाने थ्रेशरचा धुरळा वाऱ्याने जिकडे जातो त्या बाजूला उभे राहू नये, कुटार भरू नये, शेणखताचा ढीग उपसू नये. हे काम घरातल्या धडधाकट माणसाने घ्यावे. सोयाबीन १२ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यावर आणूनच साठवावे. कापूस झोपायच्या खोलीत नको. जागाच नसेल तर रुग्णाची खाट तरी ओसरीत काढावी. कूलरची जाळी दर उन्हाळ्यात नवी, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासलेली. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी येत नाही.

शेतातली बुरशीनाशके

सोयाबीन आणि इतर पिकांवर फवारली जाणारी टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही औषधे इट्राकोनॅझोलच्याच कुळातली. ती ज्या मातीत पडतात तिथली ॲस्परजिलस फ्युमिगेटस त्यांना निर्ढावते, आणि असा बीजाणू फुप्फुसात गेला तर रुग्णाची गोळी पहिल्या दिवसापासूनच निकामी असते. भारतातल्या मातीत असे निर्ढावलेले वाण २०१२ मध्ये नोंदले गेले आहेत. म्हणून औषध जेवणानंतर, वेळेवर, आम्लनाशकाशिवाय घेऊनही तीन-चार महिन्यांत वजन वाढत नसेल आणि खोकला हटत नसेल, तर आधी रक्तातील औषधाची पातळी मोजावी. ती पुरेशी निघाली तर थुंकीचे पुन्हा कल्चर करून बुरशी कोणत्या औषधाला दाद देते हे तपासून घ्यावे.