झॅकमनचा तक्ता आणि टोगॅफची वाट

व्यवसायासाठी माहिती प्रणालीचा आराखडा करायचा म्हटलं की बैठकीत कुणीतरी विचारतंच, "झॅकमन घ्यायचं की टोगॅफ?" दोन्हींना फ्रेमवर्क म्हणतात, म्हणून ही गल्लत होते. खरं तर झॅकमन हा तक्ता आहे आणि टोगॅफ (द ओपन ग्रुप आर्किटेक्चर फ्रेमवर्क) ही कामाची रीत.

जॉन झॅकमन यांचा लेख १९८७ साली 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये आला. एकाच घराकडे मालक, आर्किटेक्ट आणि कंत्राटदार वेगवेगळ्या नजरेनं बघतात, प्रत्येकाला वेगळा नकाशा लागतो. प्रणालीचंही तसंच, हा त्यांचा मुद्दा. तक्त्याच्या ओळी म्हणजे या नजरा, स्तंभ म्हणजे प्रश्न. तेव्हा त्यात काय, कसं आणि कुठे एवढेच तीन स्तंभ होते. कोण, केव्हा, का हे १९९२ मध्ये जोडले गेले.

गावातली दूध संस्था घ्या. संकलनाच्या पावतीवर सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर. दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून पशुखाद्याची उधारी कापतात. पण संकलनाच्या संगणकात ११२ क्रमांकाचा सभासद खाद्याच्या वहीत ४० नंबरच्या खात्यावर असतो. बिलाच्या आदल्या रात्री सचिव दोन याद्या पुढ्यात घेऊन नावं जुळवत बसतात, आणि एकाच नावाचे तिघे निघाले की उधारी भलत्याच्याच बिलातून जाते. तक्त्यातला 'काय' हा स्तंभ मन लावून भरला, तर 'सभासद' म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो. मला झॅकमन आवडतो तो यासाठी. मात्र कुठला चौकोन आधी भरायचा, हे तो सांगत नाही.

ते टोगॅफ सांगतं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या टॅफिम या फ्रेमवर्कवरून १९९५ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. पूर्वतयारीनंतर ए ते एच असं टप्प्यांचं चक्र: बीमध्ये व्यवसाय, सीमध्ये डेटा आणि ॲप्लिकेशन, मग डीमध्ये तंत्रज्ञान. आपल्याकडे सर्रास डीपासूनच सुरुवात होते. सर्व्हर आणि ॲपचं कोटेशन आधी येतं, सभासदांची यादी नंतर. लहान संस्थेला अख्खं चक्र झेपणार नाही. गरजेपुरतं घ्यायची मुभा टोगॅफच देतं. तरी क्रम मोडू नये.

ई आणि एफ टप्पे तर दूध संस्थेला फार उपयोगी. जुन्यावरून नव्यावर कसं जायचं ते तिथे ठरतं: आधी एकाच केंद्रावर, दोन बिलं वही आणि संगणक दोन्हींवर काढायची, रक्कम पैशापर्यंत जुळली की मगच वही बंद.