माळ्यावरचा व्हिडिओ गेम: लावण्याआधी, विकण्याआधी

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की नागपुरातल्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर जुने व्हिडिओ गेम येऊ लागतात. महाल-इतवारीच्या घरांतून, धरमपेठेतल्या फ्लॅटमधून, कधी कबाड्याच्या हातगाडीवरून सोडवून आणलेले. विचारणं बहुधा दोनच गोष्टींचं असतं: चालेल का, आणि किती येतील? उत्तर सेट पाहिल्यावरच देता येतं. पण घरून निघण्याआधी थोडं माहीत असलं तर सेट वाचतो आणि व्यवहारात मनस्ताप होत नाही. म्हणून हे पत्रक.

प्लग लावून बघण्याची घाई नको

बंद पडलेले बरेच सेट माळ्यावर बिघडलेले नसतात. खाली उतरवल्यावर "चालतो का बघू" म्हणून घरात सापडेल तो अडॅप्टर लावला जातो, आणि तिथे ते जातात. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही. निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी गेम-सेटला १० व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो. आज घरात पडून असलेल्या राउटरच्या अडॅप्टरचा मधला भाग बहुधा पॉझिटिव्ह. सेगा या दुसऱ्या कंपनीच्या मेगा ड्राइव्ह सेटचं तर पहिलं मॉडेल एका प्रकारचं आणि दुसरं मॉडेल त्याच्या उलट. अमेरिकेतल्या एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्याच तिथल्या आवृत्तीचा अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो; तो फॅमिकॉमला लावला की सेट हातचा गेलाच समजा.

परदेशातून कुणी पाठवलेला सेट असेल तर आणखी एक गोष्ट. जपानमधली वीज १०० व्होल्टची, अमेरिकेतली १२० ची. तिथला अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घातला की जळका वास येतो, आणि वास आला तेव्हा उशीर झालेला असतो.

अडॅप्टरवर बारीक अक्षरात व्होल्ट, एसी की डीसी आणि पोलॅरिटीची (मधला भाग पॉझिटिव्ह की निगेटिव्ह याची) खूण छापलेली असते. ती वाचता आली नाही, किंवा अडॅप्टरच हरवला असेल, तर सेट तसाच घेऊन या. मीटर लावून तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

तुमच्या हातात नेमकं काय आहे

खरा फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ मध्ये आला. पांढरट आणि गडद लाल रंग, दोन्ही रिमोट सेटलाच कायमचे जोडलेले, आणि दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्टच्या जागी बारीक मायक्रोफोन. या खुणा जुळल्या तर आधी आम्हाला दाखवा, कारण नागपुरात तो क्वचितच निघतो. भारतात निन्टेंडोचा परवाना घेऊन विकला गेलेला सेट सामुराई नावाचा होता. सेगाचे सेट नव्वदच्या दशकात शॉ वॉलेस कंपनीमार्फत आले.

पण आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेत चांगले मार्क मिळाले म्हणून बर्डीवरून जो सेट घरी आणला, तो यातला कुठलाच नव्हता. तो क्लोन होता: फॅमिकॉमच्या सर्किटची नक्कल, ६० पिनांची तीच पिवळी कॅसेट घेणारी. काही मीडियासारख्या भारतीय कंपनीच्या नावाने विकले गेले, काहींवर तर धड नावही नव्हतं.

"नकलीच आहे हो, काही कामाचा नाही," असं म्हणत लोक तो आमच्यापुढे सरकवतात. आमचं मत याच्या अगदी उलट आहे. जपानी फॅमिकॉम लाखोंनी जपलेले आहेत, त्यांच्या एकेका चिपची माहिती लिहून ठेवलेली आहे. आपल्याकडच्या क्लोनची फारशी नोंद नाही. कोणता सेट कोणत्या साली नागपुरात आला, कुणी विकला, केवढ्याला, खोक्यावर काय छापलं होतं, हे फक्त तुमच्या माळ्यावरच्या खोक्याला ठाऊक आहे. म्हणून खोकं, बिल आणि गॅरंटी कार्ड टाकू नका. कार्डावर एखाद्या जुन्या दुकानाचा शिक्का असेल तर ते कार्ड सेटइतकंच जपा. विकणार नसाल तरी आणा. फोटो काढून घेतो आणि परत देतो. पुढे कुणी या विषयावर काही लिहायला बसलं तर त्याच्या हाती काहीतरी असावं, एवढीच आमची इच्छा आहे.

एक सावधगिरी मात्र सांगतो. बऱ्याच क्लोनच्या रिमोटचा नऊ पिनांचा प्लग सेगाच्या रिमोटसारखाच दिसतो आणि सेगात बसतोही. आतली जोडणी वेगळी असते. अदलाबदल करू नका.

कॅसेट उघडली की

स्क्रू काढून पिवळं कव्हर उघडलं की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, आत काहीच नाही. कॅसेटच्या निम्म्या उंचीची सर्किटची हिरवी पाटी, खाली सोनेरी पिनांची रांग, आणि मधोमध वाळलेल्या डांबरासारखा एक काळा गोळा. चिप त्या गोळ्याखाली असते. नुसती सिलिकॉनची चकती पाटीवर चिकटवून, केसाहून बारीक तारांनी जोडून, वरून इपॉक्सी ओतलेलं असतं. चिपला वेगळं आवरण देण्याचा खर्च वाचावा म्हणून ही पद्धत. गोळ्याखालची तार सुटली तर दुरुस्ती होत नाही आणि आम्ही ती करतो असं सांगतही नाही. अस्सल निन्टेंडोच्या कॅसेटमध्ये बहुधा पाय असलेल्या, नंबर छापलेल्या चिपा दिसतात. ओरिजिनल की कॉपी हे ठरवायचं तर लेबल पाहू नका, पाटी पाहा. लेबल आता कुठेही छापून मिळतं.

"९९९९९९ इन १" या कॅसेटबद्दल दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. त्यात तितके गेम कधीच नव्हते. थोडेच गेम असायचे, बाकी यादी म्हणजे तेच गेम पुढच्या लेव्हलपासून किंवा जास्त लाइफ देऊन सुरू होणारे. ते जमायचं कारण त्या काळचे गेम फार छोटे होते. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० किलोबाइटचा. सकाळी फोनवर येणारा सुप्रभातचा फोटो त्याहून मोठा असतो.

कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमची गोष्ट संग्राहकांना आवडेल. १९८८ च्या जपानी कॉन्ट्रात पहिल्याच लेव्हलला जंगलातली झाडं हलतात, मध्ये नकाशा आणि गोष्टीची दृश्यं येतात. त्यासाठी कॅसेटमध्ये तो गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीची खास चिप लागायची. अमेरिकी आवृत्तीत ती चिप नव्हती, म्हणून झाडं स्थिर. आपल्या घरात कोणता कॉन्ट्रा होता हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए केल्यावर मिळणाऱ्या ३० लाइफ मात्र दोन्हीकडे आहेत.

काही कॅसेटमध्ये बटण-सेल असतो, झेल्डामध्ये किंवा गेमबॉयच्या पोकेमॉनमध्ये. सेव्ह केलेला खेळ त्याच सेलवर टिकून असतो. सेल काढला की सेव्ह पुसला जातो. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, त्यामुळे तो लवकर संपतो. बदलायला देताना आधी सांगा: आतला सेव्ह हवा आहे का? सेल अजून जिवंत असेल तर सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घेतो आणि नवा सेल बसवल्यावर परत भरतो.

फुंकर, कूलर आणि नवतपा

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सगळ्या नागपूरला होती. फुंकरीने गेम सुरू व्हायचा तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि पिना काळ्या पडतात. फुंकर नको, पेट्रोल नको, थिनर नको, पॉलिश पेपर तर अजिबात नको. सोन्याचा थर एकदा घासला गेला की परत येत नाही. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. पाच मिनिटं वाळू द्या, मग कॅसेट लावा.

आपल्या गावात खरा त्रास कूलरचा आहे. टीव्ही ज्या खोलीत, कूलरही त्याच खोलीत. चार महिने ओलसर हवा थेट सेटच्या तोंडात जाते, आणि पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. सेट कूलरच्या झोतातून बाजूला ठेवा, खेळून झाल्यावर कॅसेटच्या खाचेवर झाकण लावा. पत्र्याच्या किंवा गच्चीलगतच्या माळ्यावर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, सेट ठेवणं त्याहून वाईट. प्लास्टिक वाकतं, लेबलचा गोंद सुटतो, आतले कपॅसिटर सुकतात. खालच्या खोलीतल्या लोखंडी आलमारीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेला सेट वर्षानुवर्षं टिकतो.

पिवळं पडलेलं प्लास्टिक उन्हात केमिकल लावून पांढरं करायचे व्हिडिओ बरेच जण बघतात. आम्ही ते करत नाही. चट्टे पडतात, आणि पुढे प्लास्टिक पुन्हा पिवळं होऊ शकतं.

किती येतील?

२०२१ मध्ये अमेरिकेत सुपर मारिओ ६४ ची एक कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. ही बातमी वाचून येणाऱ्यांना आधीच सांगतो: ती कॅसेट कारखान्यातून निघाल्यापासून न उघडलेल्या पॅकमध्ये होती. खेळलेल्या कॅसेटचा त्या बाजाराशी संबंध नाही. क्लोन सेटला पैसे कमीच येतात. खोकं, दोन्ही रिमोट, बंदूक आणि बिल सोबत असेल तर भाव बरा होतो. भाव सांगताना आम्ही सेट तुमच्यासमोर उघडतो. घरात कुणाचं मन त्यात अडकलेलं असेल तर विकू नका, दुरुस्त करून घ्या. हे आम्ही रोज सांगतो आणि मनापासून सांगतो.

नवा टीव्ही, जुनी बंदूक

डक हंट या बदकं टिपायच्या गेमची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही, आणि ती बिघडलेली नसते. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड नेमक्या वेळी दिसतो का ते पाहतो. जुन्या डब्बा टीव्हीत चित्र ओळीओळीने त्याच क्षणी उमटतं. एलईडी टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो आणि उशिरा दाखवतो. मारिओची उडी चुकते तीही यामुळेच. टीव्हीत गेम मोड असेल तर तो चालू करा, फरक पडतो. घरात चालू डब्बा टीव्ही असेल तर टाकू नका. फक्त त्याचं मागचं कव्हर स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत जिवावर बेतेल इतका व्होल्टेज राहतो.

दुकानात असा एक टीव्ही कायम जोडलेला असतो. शनिवारी संध्याकाळी तिथे संग्राहक जमतात, कॅसेट उघडून पाट्या बघतात, कोणता क्लोन कुठला यावर वाद घालतात. विकत घेण्याचं बंधन नाही. मुलांना आणा, बंदूक त्यांच्या हातात द्या.

सेट आणताना अडॅप्टर, टीव्हीची वायर, दोन्ही रिमोट आणि सगळ्या कॅसेट सोबत आणा, बंद पडलेल्या सुद्धा. खोकं फाटलेलं असेल तरी आणा.