पिचरचा पराभव वेगळा, पिचरचा ईआरए वेगळा

क्रिकेटमध्ये पाच बळी घेऊनही संघ हरला, तर ती हार कुणी गोलंदाजाच्या नावावर मांडत नाही. बेसबॉलमध्ये मांडतात. ज्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, दिलेल्या धावेमुळे प्रतिस्पर्ध्याला शेवटपर्यंत टिकणारी आघाडी मिळते, पराभव त्याच्या खात्यात जातो. त्याने सामनाभर एकच धाव दिली आणि त्याच्या फलंदाजांनी एकही काढली नाही, तरी हरला तोच!

ईआरए (अर्न्ड रन ॲव्हरेज), म्हणजे नऊ इनिंग्जच्या पूर्ण सामन्यामागे पिचरने सरासरी किती धावा दिल्या तो आकडा, मात्र त्याच्या संघाने किती धावा काढल्या हे विचारतच नाही. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळायच्या, उरलेल्यांना ९ ने गुणायचं आणि टाकलेल्या इनिंग्जनी भागायचं. आकडा जितका लहान, तितका पिचर चांगला. अर्थात हे मापही पूर्ण निर्दोष नाही. क्षेत्ररक्षक संथ असला आणि चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही, तर ती चूक धरत नाहीत. धाव पिचरच्याच माथी बसते.

२०१० चा सिॲटल मरिनर्स संघ घ्या. १०१ सामने हरला, १६२ सामन्यांत जेमतेम ५१३ धावा. याच संघाच्या फेलिक्स हर्नांडेझचा हिशोब १३ विजय, १२ पराभव. नुसतं हे वाचलं तर पिचर साधारण वाटतो. ईआरए होता २.२७, अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक; दुसरी नॅशनल लीग) सर्वांत कमी.

जुने जाणते म्हणायचे, खरा पिचर वाईट संघातही जिंकतोच. त्यासाठी ते १९७२ च्या स्टीव्ह कार्लटनचं नाव घेत: फिलाडेल्फिया फिलीज वर्षभरात ५९ सामने जिंकली, त्यातले २७ त्याचे. पण कार्लटन हा अपवाद आहे, मोजपट्टी नव्हे. १९८७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या नोलन रायनचा ईआरए २.७६ होता, नॅशनल लीगमधला सर्वोत्तम. नावावर ८ विजय, १६ पराभव. त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान, त्याला मिळाला नाही, आणि हा अन्यायच होता असं मला ठाम वाटतं.

हर्नांडेझला मात्र २०१० मध्ये हा पुरस्कार मिळाला, समोर न्यूयॉर्क यांकीजचा २१ विजयांचा सीसी सबाथिया असतानाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचे १० विजय, ९ पराभव, ईआरए १.७०, ३० पैकी २९ मतदारांनी पहिली पसंती त्यालाच दिली.